राहीबाईचा सोमवार

नाथाजी हवालदाराला बसता येत नसे. गुडघे धड होते, पाठ ताठ होती, बसायला गावात ऐसपैस पार होता. पण माणूस टेकायचा आणि उठायचा. चार म्हाताऱ्यांत बसला, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, आणि ती दाढेखाली जायच्या आत हा धोतर झटकून उभा. "का रं, मुंग्या चावल्या व्हय?" कुणी विचारलं तर म्हणायचा, "शेळी सुटली आसंल." शेळी बिचारी दाव्याला रवंथ करत बसलेली असायची. तिला बसता येत होतं.

लग्नाकार्यात तो कधी पंगतीला बसला नाही, कायम वाढपी. कीर्तनात खांबाला पाठ लावून उभा. बायको रंगूबाई म्हणायची, "पलटणीनं माणूस घरी धाडला, पण पहाऱ्यावरनं काय उतरवला न्हाई." तिला ठाऊक नव्हतं, पण ती बोलत होती ते अगदी खरं होतं. नाथाजी तीस वर्षं पहाऱ्यावर होता. एक गोष्ट राखत होता, आणि ज्या बाईपासून ती राखायची ती तीन घरं सोडून पलीकडे राहत होती.

ती बाई म्हणजे राहीबाई, आकाराम कारंड्याची बायको. माण तालुक्यात दहिवडीपासून दोन कोसांवर कारंडेवाडी. कुसळं, बाजरी आणि मेंढरं सोडून तिथं काही पिकत नाही, म्हणून पोरं एक तर मुंबईला जायची, नाहीतर पलटणीत. नाथाजी आणि आकाराम एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन भरती झाले, एकाच पलटणीत पडले, लढाईत एकाच वाटेनं बर्मात गेले. परत आला तो एकटा नाथाजी.

झालं होतं ते असं. पंचेचाळीस साली, पावसाळ्याच्या तोंडाला, पेगूच्या पुढे एका खेड्यात आकारामला हिवतापानं धरलं. एका घरानं त्याला चटईवर घेतला आणि त्या घरातल्या पोरीनं त्याला बारा दिवस भाताची पेज पाजली. तेराव्या दिवशी पलटण हलायची होती. नाथाजी त्याला न्यायला गेला तर हा गडी बांबूच्या घराच्या पायरीवर लुंगी नेसून बसलेला. ताप उतरला होता, पण दुसरंच काहीतरी चढलं होतं.

"नाथा, मी येत न्हाई," तो म्हणाला.

"येडा झालास काय? घरी बायको हाय तुझी."

"हाय. म्हणून तर सांगतो. मेला म्हणू नगंस, तिचं कुंकू जाईल. जित्ता हाय म्हणू नगंस, ती वाट धरून येईल. सापडला न्हाई, एवढंच म्हणायचं." आणि त्यानं नाथाजीला शिंगणापूरच्या शंभू महादेवाची शपथ घातली. माणदेशातला माणूस दुसऱ्या कुठल्याही शपथेतून पळवाट काढील, ह्या शपथेतून नाही.

आता सांगा, ह्याला काय दोस्ती म्हणायची? स्वतः सावलीत बसला आणि दोस्ताला जन्मभर उन्हात उभा केला.

नाथाजीनं सगळ्यांना तेच सांगितलं. साहेबाला सांगितलं, सुभेदाराला सांगितलं, आणि गावी आल्यावर जात्यापाशी बसलेल्या राहीबाईला सांगितलं. "आकाराम सापडला न्हाई, वैनी." त्याला वाटलं, दोन-चार वर्षांत बाई काय ते समजून जाईल. पण राहीबाई समजून घेणाऱ्यातली नव्हती, विचारून घेणाऱ्यातली होती. "सापडला न्हाई म्हंजे हाय कुठंतरी," ती म्हणाली. पुढं सरकारातून मयताचा कागद आला, तलाठी अंगठा मागायला आला, तेव्हा तिनं मूठ मिटली. "मेलेला कुणी बघितलाय?" असं म्हणून तिनं नाथाजीकडे बघितलं. नाथाजीची शेळी सुटली.

तिनं सासरा सांभाळला, सासू मनुबाईचं हगणंमुतणं काढलं. मनुबाई मरताना लेकाचं नाव घेत मेली. राहीबाईनं मेंढरं राखली, कुळव धरला, आणि सोमवार धरला. आकाराम भरतीला गेला त्या दिवशी तिनं शंभू महादेवाला नवस बोलला होता की माणूस माघारी येईस्तोवर सोमवारी अन्न शिवणार नाही. पाण्यावर दिवस काढायचा आणि मंगळवारी सकाळी भाकरी मोडायची. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती आणि नाथाजी त्याच कामावर मुकादम. सोमवारी दुपारनंतर तिच्या हातोड्याचा घाव कसा मऊ पडत जायचा ते त्याला लांबून ऐकू यायचं. तो तिथून दुसऱ्या टोकाला निघून जायचा. ह्या माणसाला बसता येणार कसं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका राहीबाईला बोलवायच्या. नाही असं नाही. पण तिच्या कपाळापाशी आल्यावर करंडा धरणारीचं बोट जरासं घुटमळायचं. लावू का नको, खरं का खोटं. राहीबाईला ते कळत होतं. म्हणून ती स्वतःच कपाळ पुढं करायची.

पंच्याहत्तर सालच्या संक्रांतीला वाडीतलाच ज्ञानू मुंबईहून गावी आला. गोदीत कामाला होता, मिशा राखून होता, आणि मुंबईच्या गोष्टी सांगताना पारावर त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. त्या दिवशी त्यानं बर्मावाल्या बाईच्या हॉटेलची गोष्ट काढली. गोदीच्या मागच्या गल्लीत आहे, आठच टेबलं, पण पाय ठेवायला जागा नसते. "शेवया मिळत्यात. तिखट. आमटीत बुडवलेल्या," तो म्हणाला, आणि म्हातारे हसले.

"हसू नगा, पुढचं आयका. मालकिणीनं मला इचारलं, गाव कोणता? म्हटलं सातारा. साताऱ्यात कुठं? माण. माणमधी कुठं? मी म्हटलं, बाई, तुला काय करायचं हाय? तर म्हणती, कारंडेवाडी ठाऊक हाय का? घासच अडकला माझा. भितीवर पलटणीतल्या गड्याचा फोटू हाय. म्हणती, ह्यो कारंडेवाडीचा आकाराम. अन् म्हणाली, नाथाजी जित्ता आसंल तर त्याला एकदा येऊन जायला सांग."

नाथाजी उठून उभा राहिला होता. पण त्याच्या मागं, विहिरीवरून घागर घेऊन निघालेली राहीबाईसुद्धा उभी होती. तिनं घागर उतरवून खाली ठेवली.

"ज्ञानू," ती म्हणाली, "फोटूला हार हाय?"

ज्ञानूनं डोळे मिटून आठवलं. "न्हाई आत्ती. हार न्हाई."

"नीट आठव. चंदनाचा, कागदाचा, कसला बी."

"न्हाई. मोकळा फोटू हाय. गळ्याची शपथ."

आपल्याकडे फोटोला हार म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माणूस गेला की दहाव्याच्या आत फोटो काचेत आणि हार खिळ्याला. हार नाही म्हणजे माणूस आहे. राहीबाईनं घागर परत डोक्यावर घेतली. "जित्ता हाय," एवढंच म्हणाली आणि चालू लागली. पण त्या दिवशी घागरीतलं पाणी हिंदकळलं, जे कधी हिंदकळत नसे.

नाथाजीलाही तेच वाटलं. आकाराम जिवंत आहे, हॉटेलाच्या आतल्या दारातून हात पुसत बाहेर येणार, त्याच्या मागं बायको येणार, पोरं येणार, आणि राहीबाई वळून विचारणार, तुमाला ठाऊक होतं? त्याआधी आपणच तिला सांगितलं पाहिजे. मग शपथ मोडो का राहो.

"मी एकटाच जाऊन बघून येतो, वैनी," त्यानं संध्याकाळी तिच्या दारात उभं राहून सांगून पाहिलं.

"माझा नवरा तुमी कशाला बघून येता?" ती म्हणाली. बोलणं संपलं.

दहिवडीच्या बाजारात जाऊन तिनं हिरव्या बांगड्या भरल्या, नवं लुगडं घेतलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, बांगड्या भरताना कासार काय म्हणेल ह्याची पर्वा नाही. संक्रांतीचा तिळगूळ तिनं फडक्यात बांधून ठेवला होता, तो बरोबर घेतला. दर वर्षी ती त्याच्या वाट्याचा तिळगूळ बाजूला काढायची आणि रथसप्तमी झाली की मेंढरांना घालायची. ह्या वर्षी मेंढरांना मिळाला नाही.

रविवारी पहाटे एसटीनं निघाले. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. नाथाजीनं मनाशी ठरवलं, चहा घेतला की सांगायचं. चहा घेतला. राहीबाई म्हणाली, "भावजी, त्यांचं दात पडलं आसतील का वो आता? मी शेंगा भाजून आणल्यात." नाथाजी म्हणाला, "बघतो गाडी कुठं लागली," आणि जी गाडी समोरच लागली होती ती शोधायला निघून गेला.

खंबाटकीच्या घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हर पाणी ओतेपर्यंत माणसं कठड्यावर बसली. राहीबाई बसली, नाथाजी उभा.

"वैनी, एक सांगायचं ऱ्हायलंय."

"सांगा की."

त्यानं खाली दरीत बघितलं, वर बघितलं. "आता पुढं खंडाळा लागंल," तो म्हणाला.

"ते काय मला दिसंल की," राहीबाई म्हणाली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. त्यानंतर मुंबई येईपर्यंत तो पाय पोटाशी घेऊन गप्प बसला, म्हणजे बसला असं आपण म्हणायचं. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, पाव्हणं, लघवीला जायचं हाय का?

रविवारी रात्र झाली म्हणून ज्ञानूच्या खोलीवर राहिले. सोमवारी दुपारी त्याला जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तो दोघांना घेऊन गल्लीत शिरला. हॉटेलाच्या बाहेरच माणसं ताटकळत उभी होती. आत वाफ, तळलेल्या लसणाचा वास आणि कालवा. खलाशी, गोदीतले हमाल, बर्मातून हाकलून दिलेली तमिळ माणसं, सगळे खांद्याला खांदा लावून वाडग्यांवर वाकलेले. कुणी लिंबू पिळतोय, कुणी मिरचीची पूड मागतोय, कुणी शेवया सूंऽ करून तोंडात ओढतोय आणि समोरचा त्याला हसतोय. वर रेडिओ आपला वेगळाच चाललेला. मालकीण चार वाडगी हातांवर तोलत टेबलांमधून फिरत होती. तिच्या दोन्ही गालांवर बर्मी बायका लावतात तसला पिवळसर लेप होता.

"गालाला गंध लावलंय," राहीबाई पुटपुटली, "आन् कपाळ मोकळंच." मग तिला फोटो दिसला.

भिंतीवर दोन फोटो होते. एकात वर्दीतला आकाराम, वीस-बावीसचा, मिशीला पीळ घातलेला. दुसऱ्यात लुंगीतला आकाराम, कानांवर केस पांढरे झालेले, कडेवर एक मुलगी. हार कुठल्याच फोटोला नव्हता. राहीबाईनं पहिला फोटो डोळे भरून बघितला. दुसऱ्याकडे तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली, पण काढून घेण्याआधी पुरती बघितली.

ज्ञानूनं मालकिणीला हाक मारून सांगितलं, "येच नाथाजी है." तिनं हातातली वाडगी जवळच्या टेबलावर टेकवली. तिनं नाथाजीकडे बघितलं, राहीबाईकडे बघितलं, तेवढ्यात तीन टेबलांवरून तिला हाका आल्या. "पाच मिंट. गर्दी हाय. बसा, खाऊन घ्या," ती म्हणाली. ते 'हाय' थेट कारंडेवाडीतलं होतं. राहीबाईची मान झटकन वळली.

कोपऱ्यातलं टेबल मिळालं. दोघा पुरुषांपुढं वाडगी आली. तिसरं वाडगं राहीबाईनं हातानं अडवलं. "मला नगं. सोमवार हाय." मालकीण थबकली, काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि परत हाका आल्या म्हणून ते वाडगं घेऊन आत गेली.

स्वयंपाकघराच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. माणसं आतबाहेर करत होती, पडदा सारखा हलत होता. आणि दर वेळी पडदा हलला की राहीबाई डोक्यावरचा पदर नीट करत होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. लोटाभर पाण्यावर दिवस काढणारी बाई, हिरव्या बांगड्या भरलेली, मांडीवर तिळगुळाची पुरचुंडी, आणि पडद्याकडे डोळे. नाथाजीला ते बघवेना. लढाईत त्यानं माणसं मरताना बघितली होती, ते बघवलं होतं.

"वैनी," तो म्हणाला, "त्यो सापडला न्हाई हे खोटं हाय. मी त्याला भेटून निघालो. त्यानं दुसरी केली हुती, येणार न्हाई म्हणाला. मला महादेवाची शपथ घातली. मला पयल्यापासनं ठाऊक हाय."

ज्ञानूच्या तोंडातून शेवयांची लड वाडग्यात पडली. राहीबाईनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"पयल्यापासनं," ती म्हणाली.

"व्हय."

"सासू मेली तवा?"

"व्हय."

"खडीवर?"

नाथाजीला व्हय म्हणवेना. त्यानं मान हलवली.

"बरं," राहीबाई म्हणाली. "आधी त्याला बघते. मग तुला बघते." सारा जन्म ती त्याला भावजी म्हणत आली होती, तुमी म्हणत आली होती. त्या एका शब्दात ते सगळं गेलं.

गर्दी जरा ओसरल्यावर मालकीण हात पुसत आली आणि समोर बसली. जवळून तिचं नाक दिसलं, हनुवटी दिसली. राहीबाईनं ती हनुवटी सासूच्या शेवटच्या आजारात दोन वर्षं रोज पुसली होती.

"तुमी राहीबाई," मालकीण म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"व्हय. तुजं नाव काय?"

"मनू."

राहीबाईनं मान डोलावली. "आजीचं ठेवलंय. बरं केलं. आता बापाला बोलीव भाईर. म्हणावं, मी भांडायला न्हाई आले. एकदा बघते आन् जाते."

मनूनं नाथाजीकडे बघितलं, ज्ञानूकडे बघितलं. तिला वाटलं होतं, निरोप पोचला म्हणजे सगळं पोचलं. "बाबा न्हाईत," ती हळू म्हणाली. "बासष्ट सालात गेले. तिकडंच. मी सोळा वर्सांची होते."

"मग हार का न्हाई घातला?"

मनूला प्रश्न कळला नाही. तिनं वळून फोटोकडे बघितलं, परत राहीबाईकडे बघितलं. "आमच्यात न्हाई घालत," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर खलाशी कशालातरी खदखदून हसत होते. राहीबाई बांगड्या मनगटावर मागं-पुढं करत राहिली. "आमच्यात घालत्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझं नाव तुला कसं ठाऊक?"

"बाबा सोमवारी जेवत नव्हते. आई लय चिडायची. मी इचारलं, का? तर म्हणाले, गावाकडं राही उपाशी आसंल."

कुणा दुसऱ्या बाईला ह्यावर गहिवरून आलं असतं. राहीबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "उपास धरला," ती म्हणाली, "चिठ्ठी न्हाई धाडली."

मनूला काय करावं सुचेना. सुचेनासं झालं की हॉटेलवाली जे करते ते तिनं केलं. आत गेली आणि एक वाडगं घेऊन आली. "ह्यात कोंबडी न्हाई, अंडं न्हाई," ती म्हणाली. पिवळी दाट आमटी, त्यात शेवया, वर तळलेला कांदा. राहीबाई वाडग्यावर वाकली आणि तिनं वास घेतला.

"ह्यात डाळीचं पीठ हाय?"

"हाय. भाजून घालतो."

राहीबाई वाडग्याकडे बघत बसली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचं घर पिठलं-भाकरी करून आणतं, आणि कितीही नको झालं तरी ते चार घास खावेच लागतात. राहीबाईनं आयुष्यात कितीतरी घरी पिठलं पोचवलं होतं. सासू-सासऱ्याच्या वेळी तिच्याकडेही आलं होतं, पण नवऱ्याचं कुणी पोचवलं नव्हतं, कारण तो मेलाच नव्हता. आज तिच्यापुढं पिठलं आलं होतं, तेरा वर्षं उशिरा, आणि आणलं होतं सवतीच्या लेकीनं.

तिनं वाडगं ओढून घेतलं.

"आत्ती, सोमवार हाय न्हवं," ज्ञानू घाबरून म्हणाला.

"सोमवार आता कुणासाठी धरू?"

ती हातानं जेवली. शेवया बोटांतून निसटत होत्या, ती परत उचलत होती. पोळत होतं, फुंकत नव्हती. रडली नाही. नाकातून पाणी येत होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि तिखटावर ढकललं. चौतीस वर्षांत सोमवारी तिच्या पोटात पहिलं अन्न पडलं ते हे. वाडगं रिकामं करून तिनं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "आणि वाढ." मनूनं वाढलं. नाथाजीच्या वाडग्यातल्या आमटीवर साय धरली होती.

निघताना राहीबाईनं तिळगुळाची पुरचुंडी मनूच्या हातात दिली. गोड बोल वगैरे काही म्हणाली नाही. मनूनं वर्दीतला फोटो खिळ्यावरून काढला आणि तिच्यापुढं धरला.

"नगं," राहीबाई म्हणाली. "मी नेला तर हार घालावा लागंल. तुझ्याकडंच बरा हाय त्यो."

परतीच्या वाटेवर ती नाथाजीशी एक अक्षर बोलली नाही. कारंडेवाडीच्या फाट्यावर उतरली ती घरी न जाता सरळ विहिरीवर गेली आणि लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. कुंकू तिनं स्वतःच्या हातानं पुसलं. बायका धावत आल्या, एकीनं बांगड्या फोडायला दगड उचलला. राहीबाईनं हात मागं घेतला. "नव्या हायत," ती म्हणाली. "कुंकू खोटं हुतं, ते पुसलं. बांगड्यांनी काय केलंय?" गावात त्यावर महिनाभर चर्चा झाली. तिनं ऐकलीसुद्धा नाही.

नाथाजीला वाटत होतं, ती येईल, शिव्या देईल, पारावर चार माणसांत पायताण हाणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं रंगूबाईला सगळं सांगितलं, तर तीही तोंड फिरवून बसली. "इतकी वर्सं शेजारी निजलास आन् मला बी कळू दिलं न्हाईस," ती म्हणाली. मंगळवार गेला, बुधवार गेला. नाथाजी आळीत येरझाऱ्या घालत राहिला. तीन घरांपलीकडचं दार उघडंच होतं आणि तिथून जात्याचा आवाज येत होता.

सोमवारी दुपारी राहीबाई त्याच्या ओसरीवर येऊन बसली.

"रंगूबाई, वाढ गं. जेवायला आलीया."

रंगूबाई आत गेली. पिठलं केलेलंच होतं, भाकरी गरम होत्या. तिनं राहीबाईचं ताट मांडलं आणि नवऱ्याचंही आणून शेजारी ठेवलं. नाथाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

राहीबाईनं त्याचं ताट बाजूला सारलं. "त्याला नगं."

रंगूबाईनं ते ताट उचलून आत नेलं.

"नाथाजी," राहीबाई म्हणाली, "महादेवाला बोललेलं मला मोडता येत न्हाई. आन् एवढ्या सोमवारांचं उद्यापन करायचं तर शिंगणापूरला सगळा तालुका जेवू घालावा लागंल, ते मला झेपायचं न्हाई. म्हणून म्या सोमवार तुला दिला. आजपासनं तू धरायचा. मी हितं येऊन जेवणार, आन् तू म्होरं बसून बघायचं."

"किती दिस, वैनी?"

"म्या काय इचारलं हुतं का कुणाला, किती दिस?"

नाथाजी चौकटीपाशी तसाच उभा राहिला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. मांडी घालून, तिच्या समोर, हात गुडघ्यांवर ठेवून. राहीबाईनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि सावकाश जेवू लागली. घाई करायला तिला काही कारण नव्हतं. मध्येच तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "पाणी चालतं," ती म्हणाली.

मागच्या गोठ्यात काहीतरी धडपडलं. रंगूबाईनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आवं, शेळी सुटलीया."

खरंच सुटली होती. दावं ओढत अंगणातून पळत गेली, कुंपणापलीकडच्या बाजरीच्या सरमाडात शिरली. नाथाजीचे हात गुडघ्यांवरून हलले. त्यानं राहीबाईकडे बघितलं. ती जेवत होती. तो उठला नाही.